नेट कॅफेतून उठण्याआधी

सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांचे फॉर्म भरून देणाऱ्या दुकानांत एकाच कॉम्प्युटरवर दिवसभर मुलांची रीघ असते. फोटो, सही, मार्कशीट अपलोड झाली, प्रिंट हातात आली की मुलं उठतात. मागे बरंच काही राहतं.

एकदा पाहिलेल्या पानातली चित्रं आणि फाइली ब्राउझर डिस्कवर साठवून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी पान लवकर उघडतं. हीच कॅश. जुन्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये तिलाच ‘टेम्पररी इंटरनेट फाइल्स’ म्हणत. साइट बदलली तरी कधीकधी कॅशमधलं शिळं पान दिसतं. निकालाच्या दिवशी तर हे फारच छळतं. तेवढ्यासाठी सगळी कॅश पुसायची गरज नाही. विंडोजवर कंट्रोल आणि एफ-५ एकत्र दाबलं की पान नव्याने येतं.

पुसायचीच असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट दाबा. ‘ऑल टाइम’ निवडायला विसरू नका, नाहीतर अलीकडचंच तेवढं जातं. पण नुसती कॅश पुसून लॉगिन सुटत नाही. ते कुकीजमध्ये असतं, म्हणून आधी लॉगआउट करा आणि कुकीजवरही टिक करा. (घरच्या मशीनवर मात्र कुकीज उडवल्या की सगळीकडे पुन्हा पासवर्ड टाकत बसावं लागतं.)

खरी गोम डाउनलोड्स फोल्डरमध्ये आहे. तिथली आधारची पीडीएफ कॅश पुसून जात नाही, इन्कॉग्निटोमध्ये उतरवली असली तरीही नाही. ती हातानेच काढायची, मग रिसायकल बिनही रिकामा करायचा.