हजार वर्षांचे राज्य आणि नगरची मंडळी

१८३१ च्या डिसेंबरात ॲलन ग्रेव्हज, विल्यम हर्वी आणि हॉलिस रीड हे अमेरिकन पाद्री अहमदनगरास येऊन राहिले, तेव्हा पेशवाई बुडून तेरा वर्षे लोटली होती, भुईकोट किल्ल्यावर कंपनी सरकारचे निशाण होते, आणि मुलखाचा सारा कलेक्टरच्या दप्तरात नव्या रीतीने लिहिला जात होता. परंतु या तिघांच्या मनात जे राज्य वसत होते ते कंपनीचे नव्हते आणि त्यांच्या स्वतःच्या देशाचेही नव्हते. बायबलातील शेवटचे पुस्तक जे प्रकटीकरण, त्याच्या विसाव्या अध्यायात सैतानाला बेड्या पडून ख्रिस्ताचे राज्य हजार वर्षे चालेल असे जे दर्शन वर्णिले आहे, ते राज्य आता फार दूर नाही आणि त्याची वाट मोकळी करण्यासाठीच आपल्याला इतक्या लांब धाडले आहे, अशी त्यांची अढळ श्रद्धा होती.

ही श्रद्धा भयाची नव्हती, हे आरंभीच ध्यानात घेतले पाहिजे. न्यू इंग्लंडातील धर्मवेत्ता सॅम्युएल हॉपकिन्स याने १७९३ साली या सहस्रवर्षीय राज्यावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता, आणि या पाद्र्यांना धाडणारी संस्था जी १८१० साली स्थापन झालेले अमेरिकन बोर्ड, तिचे पहिले कार्यकर्ते त्याच विचाराच्या छायेत वाढले होते. ख्रिस्ताचे पुनरागमन हजार वर्षांच्या अखेरीस व्हावयाचे. ती हजार वर्षे मात्र शाळा, छापखाने, औषधोपचार आणि उपदेश यांच्या द्वारे पृथ्वीवरच हळूहळू उगवत जावयाची, असा त्या मताचा मथितार्थ. मुंबईस १८१३ साली उतरलेल्या गॉर्डन हॉलने आपला सहकारी सॅम्युएल न्यूवेल याच्यासह १८१८ साली जगाच्या धर्मांतराविषयी एक पुस्तिका लिहिली, तिच्यात पृथ्वीवरील साठ कोटी मनुष्यांचा हक्क मांडला होता. संपूर्ण जग एका राज्याखाली येणार, ही कल्पना त्या पिढीच्या ख्रिस्ती मनाला परम मंगल वाटत होती. तिची धास्ती पुढे कशी उत्पन्न झाली, आणि ती धास्ती नगर जिल्ह्याच्या मातीत कितपत रुजण्याजोगी आहे, हा या लेखाचा विषय आहे.

त्या आशेला पहिला धक्का पटकीने दिला. हॉल स्वतः १८२६ साली नाशिक-त्र्यंबकच्या दौऱ्यावर असता डोरली-दापूर येथे पटकीने वारला, तेव्हा तो अवघा एकेचाळीस वर्षांचा होता; आणि नगरास पाऊल टाकून सहा महिने होतात न होतात तोच, १८३२ साली, हर्वीही त्याच रोगाने गेला. रीड १८३५ साली स्वदेशी परतला. पुढे त्याने इतिहासातील ईश्वरी हस्तावर एक ग्रंथ लिहिला, आणि १८६१ साली, अमेरिकेत यादवी युद्ध पेटले त्याच वर्षी, जगावर येऊ घातलेल्या संकटाविषयी दुसरा. त्याच्या शीर्षकातच महायुद्ध आणि सुवर्णयुग हे दोन्ही शब्द शेजारी-शेजारी आहेत. नगरच्या पेठेत उन्हातान्हात उपदेश केलेल्या माणसाने शेवटच्या काळावर ग्रंथ लिहावा आणि त्या ग्रंथातही संकटानंतर सुवर्णयुगाला जागा ठेवावी, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. त्याच्याच देशात विल्यम मिलर याने पवित्र शास्त्रातील आकड्यांची बेरीज-वजाबाकी करून ख्रिस्ताच्या आगमनाचा काळ वर्तविला होता, आणि २२ ऑक्टोबर १८४४ ही अखेरची तारीख कोरडी निघून गेल्यावर सहस्रावधी लोक घोर निराशेत पडले होते. नगरच्या पाद्र्यांनी मात्र त्याच सुमारास, १८४२ साली, ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक काढून छपाईचा उद्योग आरंभिला होता.

शेवटच्या काळासंबंधीचा एक मोठा वाद मात्र नगरच्या पाद्र्यावरून पेटला, आणि त्याची आठवण आज नगरकरांनाही क्वचितच असते. रॉबर्ट ॲलन ह्यूम हा मुंबईत जन्मलेला, १८७४ साली नगरास आलेला मिशनरी. त्याला येऊन दोनच वर्षे झाली आणि १८७६-७७ चा दुष्काळ पडला; खेडोपाडीच्या महार-मांग वस्त्यांतून मनुष्ये मंडळीत येऊ लागली, आणि त्यांच्याबरोबर एक प्रश्नही आला, जो न्यू इंग्लंडच्या देवळात कोणी कधी विचारला नसेल. आम्ही तारणाची वार्ता ऐकली, हे खरे; पण ती न ऐकता मेलेला आमचा बाप, आमचा आजा, दुष्काळात वाटेवर पडलेली आमची लेकरे, यांचे शेवटच्या न्यायाच्या दिवशी काय व्हावयाचे? पितृपक्षात पूर्वजांना पान वाढणाऱ्या समाजात हा प्रश्न टाळता येण्याजोगा नव्हता. जुने उत्तर निष्ठुर होते: ज्यांनी ऐकले नाही ते हरवले. अमेरिकेत अँडोव्हर येथील धर्मशास्त्राच्या विद्यालयात काही अध्यापक असे मांडू लागले होते, की ज्याला या जन्मी ख्रिस्त कळलाच नाही त्याला मरणोत्तर, अंतिम न्यायाच्या पूर्वी, एक संधी मिळत असली पाहिजे. रजेवर गेलेल्या ह्यूमने १८८६ साली अँडोव्हरच्याच सभेत या विचाराला सहानुभूती दर्शविली मात्र, बोर्डाच्या कारभाऱ्यांनी त्याला नगरास परत पाठविण्याचे थांबविले. वर्षभर अमेरिकेतील धार्मिक वृत्तपत्रांतून रणकंदन चालले, आणि अखेरीस १८८७ साली त्याला परतण्याची मुभा मिळाली. त्याच्या मताचा एक आधार ग्रंथांत होता आणि दुसरा नगरच्या अनुभवात. जेथे मनुष्य आपल्या मृतांसह जगतो तेथे शेवटच्या न्यायाची शिकवण द्यावयाची तर ती त्या मृतांचीही दखल घेणारी हवी, हे त्याने ओळखले, आणि त्यासाठी आपली नेमणूक पणाला लावली. या गृहस्थाविषयी मला जो आदर वाटतो तो त्याच्या दुष्काळातील कामाइतकाच या एका गोष्टीसाठी आहे.

ह्यूमच्याच सहवासात नारायण वामन टिळक १८९५ नंतर नगरास राहिले. त्यांनी १९१७ साली मिशनची चाकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभा केला, आणि बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या ख्रिस्तभक्तांना त्यात सारखीच जागा दिली. देवाचे राज्य म्हणजे मराठी माणसाला ओळखीचा वाटेल असा, उंबरठ्याशी चोपदार नसलेला दरबार, अशी ती मांडणी होती. ती दोन वर्षांतच, टिळकांच्या मृत्यूबरोबर, पोरकी झाली.

जिल्ह्याच्या शिवेपलीकडे, पुणे जिल्ह्यातील केडगावी, पंडिता रमाबाईंच्या मुक्ति मिशनात जून १९०५ मध्ये जे संजीवन झाले त्याची जात निराळी होती. दुष्काळातून वाचविलेल्या मुली रात्र-रात्र प्रार्थना करीत, रडत, अनोळखी भाषांत बोलत. आणि त्या काळच्या अशा सर्व चळवळींतून योएल संदेष्ट्याच्या वचनाचा आधार घेऊन असे मानले जाई, की हा युगाच्या अखेरीचा, पीक पिकविणारा शेवटचा पाऊस आहे. परतीच्या पावसावर ज्यांची रब्बीची ज्वारी अवलंबून, त्या मुलखाला ही प्रतिमा समजावून सांगावी लागली नसेल.

भयाची परंपरा दुसऱ्या वाटेने आली. आयर्लंड-इंग्लंडात जॉन नेल्सन डार्बी (१८००–१८८२) याने अशी शिकवण दिली, की जग सुधारणार नसून बिघडत जाणार. खऱ्या विश्वासणाऱ्यांची मंडळी अवचित वर उचलली जाईल. मागे राहिलेल्यांवर सात वर्षांचे महासंकट कोसळेल. ख्रिस्तविरोधक अवघ्या जगावर अंमल बसवील, आणि त्याची खूण उजव्या हातावर वा कपाळावर घेतल्यावाचून कोणाला खरेदी-विक्री करता येणार नाही. १९०९ साली निघालेल्या स्कोफिल्डच्या सटीप बायबलाने हे मत घरोघर पोहोचविले. १९७० साली हॅल लिंड्सेच्या पुस्तकाने त्याला वर्तमानपत्री मथळ्यांची जोड दिली. प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायातील श्वापद कोणी १९२० च्या राष्ट्रसंघात पाहिले, कोणी १९४५ च्या संयुक्त राष्ट्रसंघात, कोणी युरोपच्या सामाईक बाजारात, तर कोणी दुकानातील वस्तूंवरच्या उभ्या काळ्या रेघांत.

नेवासे तालुक्यातील एका लहानशा प्रार्थनागृहात, पत्र्याच्या भिंतीवर, या मताचा कापडी तक्ता मी पाहिला आहे. डाव्या कडेला एदेन बाग, मग एकापुढे एक युगांची वर्तुळे, मध्यभागी वधस्तंभ, त्यापुढे आकाशाकडे जाणारा लाल बाण, म्हणजे मंडळीचे उचलले जाणे, खाली दानिएलाने उलगडलेल्या नबुखद्नेस्सर राजाच्या स्वप्नातील पुतळा, मस्तक सोन्याचे, छाती रुप्याची, पोट पितळेचे, पाय लोखंडाचे आणि पावले लोखंड-मातीची, आणि उजव्या कोपऱ्यात सात मस्तकांचे, दहा शिंगांचे श्वापद, ज्याच्या पायाशी काळ्या अक्षरांत ६६६ हा आकडा. खाली सतरंजीवर बसलेल्या, शेतमजुरी करून दमून आलेल्या बाया तो तक्ता अत्यंत एकाग्रतेने पाहत होत्या. त्यांच्या श्रद्धेला हसणे मला पाप वाटते. परंतु त्या तक्त्याच्या कर्त्याने त्यांना हे सांगितले नव्हते, की ते पुस्तक पहिल्या शतकाच्या अखेरीस, रोमन बादशहाच्या मूर्तीपुढे धूप जाळावयास नकार देणाऱ्या छळलेल्या लोकांसाठी लिहिलेले आहे, आणि त्या आकड्यात इब्री अक्षरांची किंमत मोजून नीरो कैसराचे नाव दडविले असल्याचे पुष्कळ विद्वान मानतात.

एकछत्री जागतिक सत्तेच्या विचाराचे एक निराळे प्रकरणही नगरशी निगडित आहे. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत काँग्रेसने जो ‘छोडो भारत’ ठराव केला त्यात केवळ इंग्रजांनी जावे एवढेच नव्हते. जगाच्या भावी शांततेसाठी स्वतंत्र राष्ट्रांचा एक जागतिक संघ हवा, अशीही मागणी त्यात स्पष्ट शब्दांत होती. दुसऱ्याच दिवशी नेहरू, वल्लभभाई, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव आदी पुढाऱ्यांना पकडून नगरच्या किल्ल्यात डांबण्यात आले. तक्त्यातील श्वापदाच्या राज्याची जी बाह्य लक्षणे सांगितली जातात, एक संघ, एक शांतता, एक व्यवस्था, तीच त्या बंदिवानांच्या आशेचीही लक्षणे होती. आशा आणि भीती यांचे चित्र इतके सारखे असू शकते, यावर धर्मोपदेशकांनी विचार करावा असे मला मनापासून वाटते.

आपल्या काळात या भीतीला आधार क्रमांकाने नवे शरीर दिले. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी त्या योजनेचा आरंभ झाला. मिझोराममधील काही ख्रिस्ती पंथीयांनी श्वापदाची खूण म्हणून तो क्रमांक घ्यावयास नकार दिला, आणि सर्वोच्च न्यायालयापुढेही एका ख्रिस्ती अर्जदाराच्या सदसद्विवेकाचा प्रश्न वकिलांनी मांडला. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने योजना काही मर्यादा घालून कायम राहिली. सरकारने मनुष्याच्या बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळे कितपत आपल्या दप्तरात ठेवावी, ही शंका पूर्णतया न्याय्य आहे. ती विचारण्यास ६६६ ची गरज नाही.

परंतु नगरच्या बहुसंख्य ख्रिस्ती माणसाचा सत्तेशी आलेला संबंध अमेरिकेतील स्वतंत्र जमीनदार शेतकऱ्याच्या अनुभवाहून मुळातच भिन्न आहे. त्या शेतकऱ्याला जवळची सत्ता म्हणजे त्याचेच गाव आणि त्याचीच पंचायत. दूरची सत्ता तेवढी परकी. येथे महाराला जवळची सत्ता म्हणजे पाटील, वेठ, वतनाचे जू आणि पाणवठ्याची बंदी. दिलासा मिळाला तो दुरून: मिशनच्या शाळेतून, कचेरीतील अर्जातून, १९५८ च्या वतने रद्द करणाऱ्या कायद्यातून, दिल्लीत लिहिलेल्या राज्यघटनेतून. ज्याला दूरच्या राज्याने थोडाफार हात दिला, त्याला दूरच्या राज्याचे भय शिकविणे हे त्याच्याच इतिहासाविरुद्ध शिकविणे होय.

श्वापदाचाच शोध घ्यावयाचा असेल तर तेराव्या अध्यायावर न थांबता अठराव्यापर्यंत वाचावे. तेथे बाबेल नगरी कोसळते आणि व्यापारी तिच्यासाठी रडतात. त्यांच्या मालाची लांबलचक यादी सोने, मोती, तलम वस्त्रे, धूप, गहू, गुरे अशी चालत येऊन शेवटी मनुष्यांच्या देहांवर आणि जिवांवर संपते. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात ऊसतोडीला मुकादम नवरा-बायकोची जोडी ‘एक कोयता’ म्हणून मोजतो आणि उचल देऊन सहा-सहा महिन्यांसाठी बांधून घेतो. त्या यादीवर प्रवचन करावयास पाळकाला परदेशी तक्ता मागवावा लागणार नाही.

आणि क्रमांकाचे म्हणावे तर नगरच्या दलित ख्रिस्ती घराचे गाऱ्हाणे नेमके उलट आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी प्रथम हिंदूंपुरती ठेवली. १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा तीत समावेश झाला. ख्रिस्ती झालेला महार-मांग मात्र बाहेरच राहिला, जरी गावकुसाबाहेरची त्याची जागा बाप्तिस्म्याने बदलली नव्हती. याविरुद्धचे अर्ज सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहेत, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग या प्रश्नाच्या चौकशीसाठी नेमला. त्या अर्जांत मागितले आहे ते सरकारी यादीत आपले नाव लिहिले जाणे.