प्रतिद्रव्याचा जमाखर्च
डॅन ब्राऊन यांच्या २००० सालच्या ‘एंजल्स अँड डेमन्स’ या कादंबरीत जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ प्रयोगशाळेतून पाव ग्रॅम प्रतिद्रव्य चोरीला जाते आणि व्हॅटिकनचे प्राण कंठाशी येतात. ‘स्टार ट्रेक’चे यान तर याच इंधनावर तारे पालथे घालते. कल्पना निराधार नाही. द्रव्य आणि प्रतिद्रव्य भेटले की दोन्ही नाहीशी होतात आणि प्रचंड ऊर्जा मोकळी होते.

पण आयुष्यभर बँकेच्या खतावण्या तपासलेल्या माणसाला प्रश्न पडतो, हे भांडवल आणायचे कुठून? कोळशासारखी याची खाण नाही. ते कणाकणाने घडवावे लागते, आणि खर्चलेल्या ऊर्जेचा जेमतेम अब्जांश पदरात पडतो. शंभर कोटी गुंतवावेत आणि हाती रुपया यावा, असा हा व्यवहार! सर्नमध्ये आजवर घडलेल्या साऱ्या प्रतिद्रव्यावर एक दिवा काही मिनिटे जळेल, इतकेच.

मग हे खाते बुडीतच धरायचे का? नाही. कार्ल अँडरसन यांना १९३२ साली सापडलेला पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा प्रतिकण, काही किरणोत्सारी औषधांतून आपोआप बाहेर पडतो. ‘पेट स्कॅन’मध्ये तोच कर्करोगाचा ठावठिकाणा सांगतो. आपले माणूस त्या यंत्रात निजलेले असताना बाहेर बाकावर बसलेल्यांना विचारा, प्रतिद्रव्याचे मोल काय!