जुनी लँड रोव्हर घेताय? आधी खाली वाका

१९४८ साली ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर आली, तेव्हा ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती. म्हणून बॉडी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची. चॅसी मात्र पोलादी, आणि गंजते ती आतून. मागच्या आडव्या पट्टीवर हातोडी हलकेच मारून बघा: आवाज खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर पत्रा संपलाय. वरचा चकाचक रंग बघून भुलू नका, तो कुणीही मारून देतो.

पोलाद आणि ॲल्युमिनियम टेकतात तिथे ओलाव्याने पांढरी भुकटी धरते. जोडताना मध्ये रबराची पट्टी हवीच. गाडी घेतल्यावर फोर-व्हील ड्राइव्ह अधूनमधून वापरा, पण मातीवर. कोरड्या डांबरावर गिअरवर ताण येतो.

दार्जिलिंगजवळ सांदकफूच्या चढावर या जुन्या गाड्या आजही प्रवासी नेतात.