प्रवासातील प्राध्यापक आणि ई-मेलचा ऑफलाइन वापर
धाराशिवहून छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात जाताना प्राध्यापकांचा बराच वेळ प्रवासात जातो. मार्गात इंटरनेट खंडित झाले तरी पत्रव्यवहार वाचता यावा, यासाठी त्याची प्रत लॅपटॉपवर असणे आवश्यक ठरते. मार्क क्रिस्पिन यांनी 1986 मध्ये मांडलेल्या आयमॅप पद्धतीत मूळ पत्रे सर्व्हरवरच राहतात. थंडरबर्डसारखे सॉफ्टवेअर त्यांची प्रत संगणकावर उतरवून घेते. क्रोममधील जीमेलच्या ऑफलाइन सुविधेत 7, 30 किंवा 90 दिवसांची पत्रे साठविता येतात. प्रवासात लिहिलेली उत्तरे आउटबॉक्समध्ये थांबतात व इंटरनेट मिळताच रवाना होतात. निघण्यापूर्वी इंटरनेट बंद करून आवश्यक फाइल्स उघडतात का, हे तपासावे. महाविद्यालयातील सामायिक संगणकावर मात्र ही सुविधा सुरू करू नये. अन्यथा परीक्षाविषयक गोपनीय पत्रव्यवहार इतरांच्या हाती पडण्याचा धोका संभवतो.