म्हैसूरचा वर्गणीदार

१९४६ साली वॉल्टर लेग म्हैसूरला आला. लंडनच्या एचएमव्हीसाठी ध्वनिमुद्रणे करवून घेणारा हा माणूस. युद्ध नुकतेच संपले होते, इंग्लंडात लोणी-साखर अजून रेशनवर होती, आणि लेगने आदल्याच वर्षी फिलहार्मोनिया नावाचा नवा वाद्यवृंद उभा केला होता. वादक उत्तम, तिजोरी रिकामी. त्याला निमंत्रण देणारे महाराज जयचामराजेंद्र वडियार तेव्हा तिशीच्याही आत होते. राजवाड्यात आपण काय पाहिले ते लेगने पुढे लिहून ठेवले: पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या मिळतील तेवढ्या सगळ्या तबकड्या, तऱ्हतऱ्हेचे लाउडस्पीकर, आणि मैफिलीत वापरतात तसले भव्य पियानो, तेही एकाहून अधिक. काही आठवडे तो तिथे राहिला. निघताना त्याच्या पदरात दोन गोष्टी पडल्या होत्या. निकोलाय मेट्नर या रशियन संगीतकाराच्या रचना महाराजांच्या खर्चाने ध्वनिमुद्रित होणार होत्या, आणि फिलहार्मोनियाला तीन वर्षे, वर्षाला १०,००० पौंड मिळणार होते. तेव्हाच्या दराने हे वर्षाला सव्वा लाख रुपयांहून जास्त झाले.

गाजलेले अल्बम कसे मुद्रित झाले याविषयी भरपूर लिहिले जाते. जॅझ असो, रॉक असो, माइक कुठे ठेवला, कितव्या खेपेला सूर लागला, सगळे येते. पैसे कोणी भरले आणि का भरले, हे मात्र एखाद्या ओळीत उरकले जाते. मेट्नरच्या बाबतीत मला ती ओळच सर्वांत मोलाची वाटते.

जयचामराजेंद्र स्वतः पियानो वाजवत. लंडनच्या गिल्डहॉल संगीत विद्यालयाची पदविका त्यांच्याकडे होती, आणि १९४५ मध्ये ट्रिनिटी कॉलेज ऑफ म्युझिकने त्यांना मानद फेलो केले. मैफिलीचा पियानोवादक व्हायचे मनात होते. पण १९४० च्या मार्चमध्ये वडील गेले, ऑगस्टमध्ये चुलते कृष्णराज वडियार गेले, आणि एकविसाव्या वर्षी गादी अंगावर आली. हेच महाराज पुढे कर्नाटक संगीतात रमले आणि ९४ कृती रचून गेले. दोन्ही संगीतांत इतके खोल शिरलेले राजे आपल्याकडे फारसे झाले नाहीत.

मेट्नर मॉस्कोचा. रशियन क्रांतीनंतर, १९२१ मध्ये त्याने देश सोडला. जर्मनी, फ्रान्स करत शेवटी लंडनमध्ये स्थिरावला. रखमानिनोव त्याला आपल्या काळातला सर्वश्रेष्ठ संगीतकार मानत असे. दोघांनी एकमेकांना एकेक पियानो कन्चेर्तो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना, अर्पण केला आहे. तरीही बाजार मेट्नरच्या बाजूने कधीच नव्हता. ज्या काळात सगळे नव्या वाटा शोधत होते, त्या काळात हा जुन्या स्वरव्यवस्थेवर ठाम राहिला. युद्धात शिकवण्या सुटल्या, हृदय कमकुवत झाले. अशा माणसाच्या तबकड्या काढून कोणत्या कंपनीचा हिशेब जुळणार होता?

अशा अडचणीवर लेगने १९३१ मध्येच एक तोडगा काढला होता. ह्यूगो वोल्फची गाणी खपणार नाहीत असे कंपनीला वाटत होते. लेगने ‘सोसायटी’ काढली. रसिकांनी वर्गणी आगाऊ भरायची, पाचशे जण जमले की मुद्रण करायचे. बेथोवनच्या पियानो सोनाटांचे श्नाबेलने केलेले गाजलेले मुद्रणही याच वाटेने झाले. प्रकाशनपूर्व सवलतीत पुस्तके घेणाऱ्या मराठी वाचकाला ही रीत वेगळी समजावून सांगायला नको. मेट्नर सोसायटीत मात्र पाचशेंचा भार एकट्या म्हैसूरने उचलला.

मेट्नरने १९४७ मध्ये हे काम सुरू केले तेव्हा तो सदुसष्ट वर्षांचा होता. एचएमव्हीच्या अॅबी रोड स्टुडिओतली त्या काळची रीत वादकाची दमछाक करणारी होती. मुद्रण थेट मेणाच्या जाड तबकडीवर होई. ती आधी उबेत ठेवून मऊ करत. कोरणारे यंत्र विजेच्या मोटरवर नव्हे, खाली उतरणाऱ्या वजनावर फिरे, कारण वेग जराही हलता उपयोगाचा नव्हता. बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटे मावत. शेवटच्या ओळीत एक स्वर घसरला तर मागची चारही मिनिटे गेली. ती बाजू पहिल्यापासून. कोरलेले मेण वाजवून पाहावे तर सुईने ते खराब होई, म्हणून हातातली बाजू चांगली उतरली की नाही हे वाजवणाऱ्याला त्या क्षणी बहुधा कळतच नसे. मग त्या मेणावर धातूचा मुलामा, त्यातून साचा, आणि साच्यातून लाखेच्या तबकड्या. ही लाख बहुतेक आपल्याच देशातली: छोटा नागपूरच्या जंगलात पळस-कुसुमांवर किडे ती करत.

पस्तीस-छत्तीस मिनिटांचा कन्चेर्तो या हिशेबाने आठ-नऊ बाजूंत तुटतो. संपूर्ण वाद्यवृंदाने एका स्वरापाशी थांबायचे, नवे मेण लागेपर्यंत वाट पाहायची आणि त्याच लयीत, त्याच भावात पुढला स्वर धरायचा. सदुसष्ट वर्षांच्या, हृदयविकार असलेल्या पियानोवादकाने हे तिन्ही कन्चेर्तोंसाठी केले. दुसऱ्या-तिसऱ्याला संचालक इसाय दोब्रोवेन होता. त्याखेरीज सोनाटा, छोट्या रचना, गाणी; काही गाणी एलिझाबेथ श्वार्त्झकोफच्या आवाजात आहेत. सोळा वर्षांनी त्याच अॅबी रोडवर बीटल्सनी पहिल्या अल्बमची दहा गाणी एका दिवसात उरकली. पण तोवर चुंबकीय फीत आली होती, तुकडे जोडता येत होते.

मेट्नरने तिसरा कन्चेर्तो म्हैसूरच्या महाराजांना अर्पण केला. सोसायटीच्या तबकड्यांचे तीन खंड निघाले. १९५१ च्या नोव्हेंबरमध्ये तो वारला. आज त्याच्या रचना बसवणारा पियानोवादक खुद्द रचनाकार त्या कशा वाजवत असे हे ऐकू शकतो, ते या खंडांमुळे.

महाराजांची निवड ही खरी रसिकाची निवड होती. फिलहार्मोनियाकडून त्यांना हवी होती ती बालाकिरेवची पहिली सिंफनी, रूसेलची चौथी. दुकानात सहसा न मिळणारी. दोन्ही संचालक कारायानच्या हाताखाली १९४९ मध्ये मुद्रित झाली. २२ मे १९५० ला रिचर्ड स्ट्राउसची शेवटची चार गीते रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये प्रथमच गायली गेली. गायिका कर्स्टन फ्लागस्टाड, संचालक फुर्टव्हेंगलर. हमीची रक्कम म्हैसूरने भरली. महाराज हजर राहू शकत नव्हते, म्हणून मैफलीचे मुद्रण करून त्यांच्याकडे पाठवायचे ठरले. त्यांच्या संग्रहात तेव्हा सुमारे वीस हजार तबकड्या होत्या. आज ते मुद्रण सीडीवर मिळते. खरखर एवढी की वाद्यवृंद कुठे कुठे बुडतो, पण फ्लागस्टाडचा आवाज वर येतोच. ही गीते पहिल्या संध्याकाळी कशी गायली गेली याचा कानांनी ऐकता येईल असा दुसरा पुरावा नाही.

हे सगळे वाचताना अभिमान वाटतो आणि एक सल उरतो. आपल्या दरबारांनी गवय्यांना पोसले, मान दिला, घरे दिली. आग्रा घराण्याचे नत्थन खाँ म्हैसूर दरबारीच होते. भारतात १९०२ मध्ये पहिले व्यापारी मुद्रण झाले त्याआधीच ते गेले, तिथे कोणाचाच इलाज नव्हता. त्या पहिल्या मुद्रणांतली गौहर जान अखेरच्या दिवसांत म्हैसूरला आली आणि १९३० मध्ये तिथेच वारली. तिच्या तबकड्या आहेत, पण त्या तीन मिनिटांच्या, कंपनीने बाजारासाठी काढलेल्या. नत्थन खाँचे शिष्य भास्करबुवा बखले १९२२ पर्यंत होते. त्यांचा आवाज कुठेही नाही. कोल्हापूर दरबारचे अल्लादिया खाँ त्यानंतरही चोवीस वर्षे जगले, तरी त्यांचाही नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरजेहून जाऊन तीन मिनिटांत राग उभा करून दाखवला होता, म्हणजे यंत्र हाताशी होते, कंपन्या होत्या, आणि चार-चार मिनिटांच्या नऊ बाजू सलग जोडून एक विलंबित ख्याल धरता आला असता. त्यासाठी लागत होता खपाचा विचार न करता खर्च सोसणारा एक वर्गणीदार, आणि अल्लादिया खाँची समजूत घालून त्यांना माइकसमोर बसवणारा एक लेग.

अल्लादिया खाँ १६ मार्च १९४६ ला मुंबईत वारले. लेग म्हैसूरला आला ते हेच वर्ष. खाँसाहेब कसे गात, हे आता केसरबाई आणि मोगूबाई या त्यांच्या शिष्यांच्या ध्वनिमुद्रिकांवरून अदमासाने ठरवावे लागते.