मोबाइल फुल्ल, वाचलं काहीच नाही. पोरं एवढं सेव्ह का करतात?

ई-पीक पाहणीसाठी बांधावर जावं, पिकाचा फोटो घ्यायला मोबाइल धरावा आणि स्क्रीनवर यावं, 'स्टोरेज फुल्ल'. आत बघितलं तर पोरांनी साठवलेले रील, स्क्रीनशॉट आणि भरतीच्या पीडीएफ. त्यातलं बरंचसं परत कधी उघडलेलंही नसतं. मग साठवतात कशाला?

पहिलं कारण भीती. व्हॉट्सअॅपचं स्टेटस, इन्स्टाग्रामची स्टोरी २४ तासांत जाते. पुढे सरकलेला रील परत सापडेलच असं नाही. म्हणून बोट आपोआप 'सेव्ह'वर जातं.

दुसरं कारण खोटं समाधान. पोलीस भरतीची तयारी करणारा पोरगा टेलिग्रामवरून जाडजूड पीडीएफ उतरवतो आणि अभ्यास झाल्यासारखं वाटतं. पण बियाणं घरात आणलं म्हणजे पेरणी झाली असं होत नाही.

तिसरं, साठवायला कष्ट नाहीत. स्क्रीनशॉट एका सेकंदात निघतो. पुसताना मात्र एकेक बघून ठरवावं लागतं, म्हणून ते राहूनच जातं.

ही सवय टोकालाही जाऊ शकते. रोज जवळपास १ हजार फोटो काढणाऱ्या आणि ते लावण्यात तासन्‌तास घालवणाऱ्या एका माणसाची नोंद नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये केली. अर्थात, साठवणारा प्रत्येक जण आजारी नसतो.

एक गोष्ट लक्षात घ्या. इन्स्टाग्राममध्येच 'सेव्ह' केलेल्या रीलने मोबाइल भरत नाही. भरतो तो डाउनलोड केलेल्या आणि व्हॉट्सअॅपवर आपोआप उतरणाऱ्या व्हिडिओंनी. व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज आणि डेटा'मध्ये जाऊन ऑटो डाउनलोड बंद करा. कोणत्या फाइलने किती जागा खाल्ली, तेही तिथेच दिसतं. गूगलची फुकट जागा १५ जीबीच, तीही जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून.

पण रागाच्या भरात सरसकट पुसू नका. त्या ढिगातच मार्कलिस्टचा फोटो असतो, गेलेल्या आजोबांचा शेवटचा व्हिडिओ असतो. असं मोलाचं आधी पेन ड्राइव्हवर घ्या. मग पोराला शेजारी बसवून एकेक दाखवत विचारा, "हे परत कधी बघणार?" उत्तर आलं नाही, तर ते त्यालाच पुसू द्या.