वळिवड्याची छावणी : पोलंडची लोकस्मृती आणि परराष्ट्रसंबंध

साम्यवादी राजवट मावळलेल्या राष्ट्रांत भूतकाळाचे पुनर्लेखन पाठ्यपुस्तकांपुरते राहत नाही, ते परराष्ट्रव्यवहारातही उतरते. याचे महाराष्ट्रातील उदाहरण म्हणजे कोल्हापूरनजीकच्या वळिवडे येथील पोलिश निर्वासितांची छावणी होय.

सप्टेंबर १९३९ मध्ये सोव्हिएत सैन्याने पूर्व पोलंड व्यापला आणि पुढील दोन वर्षांत तेथील लाखो नागरिकांना सायबेरिया व कझाकस्तानात हद्दपार केले. १९४१ च्या करारान्वये सुटलेल्यांपैकी काहीजण इराणमार्गे हिंदुस्थानात पोचले. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार माणसे, बहुतांशी स्त्रिया व मुले, वळिवड्यास राहिली. शाळा, चर्च, रुग्णालय असे एक लहानसे नगरच तेथे वसले होते. याल्टा परिषदेनंतर या लोकांचा मूळ प्रदेश सोव्हिएत संघात गेला. परतावे तरी कोठे? अनेकांनी ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आदी देश जवळ केले.

पोलंडमधील साम्यवादी सत्तेला ही हकीकत अडचणीची होती. कारण छावणीचा उल्लेख केला की हद्दपारीचाही करावा लागे, आणि हद्दपार करणारा तर अधिकृत मित्र! १९५४ पासूनच्या भारत-पोलंड स्नेहसंबंधांत वळिवड्याला म्हणूनच स्थान मिळाले नाही. स्मृती जपली ती विदेशांत विखुरलेल्या छावणीकरांनी.

१९८९ नंतर हे मौन सुटले. बालाचडी येथे पोलिश मुलांना आश्रय देणाऱ्या जामनगरच्या जामसाहेबांचे स्मरण म्हणून वॉर्सातील एका चौकास 'भल्या महाराजां'चे नाव देण्यात आले. कोल्हापूरचे स्मारक तेथे २०१७ मध्ये झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी दोन्ही ठिकाणी आदरांजली वाहिली.

जामनगरच्या कथेला एक उदार राजा लाभला. कोल्हापूरच्या गादीवर मात्र १९४३ साली अज्ञान बालछत्रपती होते. कारभार रीजन्सीकडे होता आणि छावणीच्या खर्चाचा मुख्य भार लंडनस्थित पोलिश सरकारवर होता. राजनैतिक समारंभास सोयीची अशी एकच व्यक्ती येथे सापडत नाही. वॉर्साने कोल्हापूरचे स्मरण उशिरा केले, त्याचे एक कारण येथे असावे.

पोलिश लोक गेल्यावर त्याच बराकींत फाळणीमुळे सिंध सोडावे लागलेली कुटुंबे आली आणि गांधीनगर वसले. त्यांच्या स्मृतीचा पाठपुरावा करणारे कोणतेही परराष्ट्र खाते नाही.